चौफुल्यावर धूळ नव्हती

कॉफीची दुसरी किटली टेबलावर येईपर्यंत लाइलनं आपली जुनी पिकअप भाचीच्या नावे करूनही टाकली होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं. रविवारी चर्चमधून आल्यावर ओमाच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, स्वयंपाकघरात जमायचं, वर लोणी-साखरेचा चुरा घातलेला केक खायचा, आणि आठवडाभर सगळ्यांनी जे ठरवायचं टाळलं असेल ते लाइलनं ठरवून टाकायचं, अशी नोस्केंच्या घरातली रीतच पडली होती. वडील गेल्यापासून शेत तो बघत होता. माणसंही आपणच बघायची आहेत, अशी त्याची समजूत होती.

"लोखंड आहे, लोखंड," तो म्हणाला. "कांगारू आडवा आला तर वाईट कांगारूचं होईल. मार्नीच्या त्या ताऱ्यावाल्या डबड्यात बसली, तर दोघांचं."

मार्नीनं कप खाली ठेवला. गेले काही आठवडे ती लेकीसाठी गाडी शोधत होती. टेगनला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, आणि पुढच्या सोमवारपासून मिल्डुराच्या रुग्णालयात शिकाऊ नर्स म्हणून तिला हजर व्हायचं होतं. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, आणि जुलै महिना, म्हणजे तिथला ऐन हिवाळा, दोन्ही वेळा अंधार. बस नव्हती. मार्नी स्वतः शाळेची बस चालवायची, पण ती धान्याच्या सायलोपाशी वळून परत यायची. टेगनचा बाप पर्थकडे खाणीत होता आणि त्याच्याकडून वाढदिवसाला फोन येई, तेवढाच.

"त्या पिकअपला एअरबॅग एक आहे," मार्नी म्हणाली. "मला सहा हव्यात. आणि घसरायला लागली तर आपली आपण सावरणारी हवी."

"सहा फुगे! गाडी घेतेयस की पोरीचा वाढदिवस करतेयस?"

टेगन हसली. ओमाही गालात हसली. या टेबलावर हसू कोणाच्या बाजूनं जातंय त्यावर बरंच काही ठरायचं, हे मार्नीला ठाऊक होतं. म्हणून तिनं शांतपणे सगळं पुन्हा सांगितलं. सुरक्षिततेचे तारे नुसते मोजायचे नसतात, ते कुठल्या सालचे ते बघायचं असतं. वीस वर्षांपूर्वीचे पाच तारे आज तीनही भरत नाहीत. फार लहान गाडी नको, फार जोराचं इंजिन नको. सरकारी यादीत कुठली जुनी गाडी अपघातात आतल्या माणसाला किती सांभाळते ते लिहिलेलं असतं, आणि त्या यादीत लाइलच्या पिकअपचा नंबर खालून लागतो.

"मग घे ना यादीतली. अडवलंय कोणी?"

अडवलं होतं बाजारानं. आठ हजार डॉलरच्या आत जी मिळत होती तिच्यात काही ना काही होतं. एकीच्या डिकीचं कार्पेट उचललं तर खाली नदीच्या पुराचा गाळ वाळून बसलेला. दुसरीचा सीटबेल्ट ओढला तर अर्ध्यातच अडकला. तिसरी विकणारा इतका गोड बोलत होता की मार्नी गाडी न बघताच परत आली होती.

"लोखंड बरं, एवढंच मी म्हणतो," लाइल म्हणाला.

"गाडी चेपली पाहिजे, लाइल. गाडी नाही चेपली तर आतलं माणूस चेपतं."

यावर कोणी हसलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ कर्ट अपघाताच्या वेळी अशाच पिकअपमध्ये होता. त्या पिकअपचा पुढचा बंपर नुसता वाकला होता, हे लाइलनं स्वतः पाहिलेलं होतं.

ओमानं केकचा आणखी एक तुकडा कापायला सुरी लावली. तेवढ्यात टेगननं आपला फोन टेबलाच्या मधोमध सरकवला. दुकानातल्या फलकावरच्या चिठ्ठीचा फोटो होता. पांढरी गाडी, चौदा वर्षांची, एकच मालक, सहा एअरबॅगा, अकरा हजार किलोमीटर. चौदा वर्षांत अकरा हजार. खाली वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: *किंमत माणूस बघून.* त्याखाली नाव होतं, सी. रॉडा.

ओमाची सुरी केकात तशीच उभी राहिली.

त्या मुलखात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न हलवता एक बोट उचलायचं असतं. ओळखीचा असो, अनोळखी असो, ट्रकवाला असो. नोस्के आणि रॉडा एकमेकांना बोट उचलत नव्हते. चौदा वर्षं ते एकाच सायलोवर गहू घालत होते, एकाच दुकानातून दूध आणत होते आणि रस्त्यात समोरासमोर आले की दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून सरळ पुढे बघत होते.

कारण साधं होतं, आणि म्हणूनच त्यावर वाद संपत नव्हता. तिथले रस्ते मातीचे, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. चौफुल्यावर कोणी थांबत नसे. लांबूनच डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं. धूळ उडत नसली म्हणजे गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणजे पाय उचलायचं कारण नाही. मार्नीच्या वडिलांनी हे लाइलला शिकवलं, मग मार्नीला, मग कर्टला. त्या दिवशी दुपारभर पाऊस झाला होता. संध्याकाळी बावीस वर्षांचा कर्ट शेताच्या बाजूनं घरी येत होता आणि क्लॅरी रॉडाची अठरा वर्षांची मुलगी जनीन आपल्या आजीची छोटी पिवळी गाडी घेऊन तिच्या घरी चालली होती. थांबून वाट देण्याची पाटी कर्टच्या बाजूला होती. ओली माती उडत नाही. दोघांनाही धूळ दिसली नाही.

जनीन जागच्या जागी गेली. कर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी.

तेव्हापासून नोस्केंच्या घरात एकच वाक्य होतं, आणि ते ओमाचं होतं: तिनं दिवे लावलेले नव्हते. चौकशीत त्याचा निकाल लागला नाही. वाक्य मात्र राहिलं. मार्नीला कित्येकदा वाटे, की आई त्या वाक्याच्या आधारानंच सकाळी उठून उभी राहते.

"रॉडाच्या गाडीत माझी नात बसणार नाही," ओमा म्हणाली आणि तुकडा कापून लाइलच्या बशीत ठेवला. म्हणजे कौल लागला.

लाइलनं त्यावर आणखी एक थर चढवला. क्लॅरी रॉडा ती गाडी विकतच नाही म्हणे. चार-पाच जण जाऊन आले. प्रत्येकाला गाडीत बसवतो, चौफुल्यापर्यंत चालवायला लावतो, आणि परत आल्यावर म्हणतो, नाही विकायची. डुश्केचा पोरगा तर बाजारभावाच्या दुप्पट द्यायला तयार होता.

"म्हाताऱ्याचं डोकं गेलंय. बायको गेली, आता पुतणी त्याला वृद्धाश्रमात ठेवणार आहे. गाडीत बसून कोणाशी तरी बोलत असतो, असं डुश्केचा पोरगा सांगत होता."

"कोणाशी?" टेगननं विचारलं.

"मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. मंगळवारी पिकअपचं ऑइल बदलून देतो."

ओमा उठून व्हरांड्यात गेली. तिथून सपाट शेतापलीकडे चौफुला दिसायचा. रोज संध्याकाळी ती तिथं बसे, कारण रोज संध्याकाळी तिथं एक उजेड येई. सावकाश येई, चौफुल्याच्या अलीकडे थांबे, थोडा वेळ तसाच राही, आणि मागे फिरे. कर्टच्या दफनाच्या प्रार्थनेनंतर तो तिला पहिल्यांदा दिसला होता. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, पण व्हरांड्यातला दिवा कोणी मालवतही नसे. तो उजेड कर्ट आहे, असं ओमानं कधी म्हटलं नव्हतं. ती फक्त म्हणायची, "आला."

---

गुरुवारी सकाळपासून पाऊस पडत होता. दुपारी मुलांना सोडून मार्नीनं बस जागेवर लावली, स्वतःच्या गाडीत टेगनला घेतलं आणि घरी कोणालाही न सांगता रॉडांच्या फाटकाशी आली. तोपर्यंत पाऊस थांबला होता.

क्लॅरी फाटकातच उभा होता, जणू त्यांना बोलावलं होतं. सहा फुटांच्या वर उंच माणूस. आता नुसता सांगाडा उरला होता. त्यानं मार्नीकडे बघितलं, मग टेगनकडे जास्त वेळ बघितलं.

"नोस्के," तो म्हणाला.

"हो," मार्नी म्हणाली. "गाडी बघायला आलोय."

"बघ की. बघायला काय लागतं."

गाडी शेडमध्ये होती. तिच्यावरची ताडपत्री त्यानं घडी घालून बाजूला ठेवली. मार्नीनं ठरवलंच होतं, की कोणाची आहे ते विसरून गाडी बघायची, आणि तिनं तशीच बघितली. डिकीचं कार्पेट उचललं. दारांच्या कडांवरून बोट फिरवलं, रंग सगळीकडे सारखा होता. प्रत्येक बेल्ट शेवटपर्यंत ओढून सोडला, आणि प्रत्येक झर्रकन परत गेला. टायर नवे दिसत होते, पण न वापरलेले टायर नवे दिसतातच. आतलं रबर मात्र कडक होत जातं आणि ओल्यात दगा देतं. म्हणून ती गुडघ्यावर बसली आणि टायरच्या कडेला कोरलेलं साल वाचलं. गेल्याच वर्षीचं होतं.

"चार-पाच वर्षांनी बदलतो," क्लॅरी वरून म्हणाला. "झिजत नाहीत, तरी बदलतो. स्टिअरिंगमधली एअरबॅग कंपनीनं परत मागवली होती, ती पण बदलून आणली. तीन वर्षांनी ब्रेकचं तेल."

"कोणासाठी?" असं मार्नीच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही. तिनं आयुष्यात बघितलेली ही सगळ्यात चांगली जुनी गाडी होती, आणि तरी ती एक पाऊल मागे सरली.

टेगन ड्रायव्हरच्या जागेवर बसली. लाइलनं शिकवल्याप्रमाणे तिनं आधी सीट पुढेमागे करायला खाली हात घातला आणि मग काढून घेतला. पाय पेडलवर बरोबर पोचत होते. तिनं आरसा बघितला. त्यालाही हात लावावा लागला नाही.

"आई, हे माझ्याच मापाचं आहे."

"सीटला मी हात लावलेला नाही," क्लॅरी म्हणाला. "तिनं शोरूममध्ये बसून लावून घेतली होती. शनिवारी गाडी आणायची होती. ती गुरुवारी गेली."

मार्नीनं त्या सीटकडे आणि मग त्याच्या लांब पायांकडे बघितलं. "मग तुम्ही कसे चालवता?"

"गुडघे वर घेऊन," तो म्हणाला. "लांब जात नाही मी. चौफुल्यापर्यंत जातो, परत येतो. रोज संध्याकाळी. नाहीतर बॅटरी उतरते."

मार्नीच्या डोक्यात काहीतरी जागेवर जाऊन बसलं. अकरा हजार किलोमीटर. सावकाश येणारा उजेड, थांबणारा, मागे फिरणारा. इतकी वर्षं आई ज्याच्यासाठी दिवा लावून बसत होती तो हा म्हातारा होता, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला लुबाडल्यासारखं वाटलं. हे आईला सांगायचं की नाही, हा प्रश्न तिनं तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

"चल पोरी," क्लॅरी पुढच्या सीटवर बसत म्हणाला. "चालवून दाखव."

मार्नी मागे बसली. गाडी आवाज न करता सुरू झाली. फाटकातून बाहेर पडल्यावर क्लॅरीनं सरळ चौफुल्याकडे न नेता उजवीकडे वळायला सांगितलं, मग मिठाच्या तळ्याशी डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. टेगन नीट चालवत होती. दोन्ही हात जागेवर, वळणाआधी वेग कमी, ओल्या उतारावर हलका ब्रेक. मार्नीला बरं वाटू लागलं होतं. तिसऱ्या वळणानंतर कुंपणाचे खांब ओळखीचे दिसायला लागले, आणि मग तिला कळलं. त्यानं त्यांना मोठा वळसा घालून नोस्केंच्या शेताच्या बाजूला आणलं होतं. कर्ट ज्या रस्त्यानं घरी येत होता, त्याच रस्त्यानं ते चौफुल्याकडे चालले होते.

सूर्य ढगाखालून निघून बरोबर समोर आला होता. ओली माती तांब्यासारखी चमकत होती. चौफुल्याची पाटी लांबून दिसली. क्लॅरीचे हात मांडीवर उपडे होते आणि तो समोर बघतच नव्हता. तो टेगनच्या उजव्या पावलाकडे बघत होता.

आता मार्नीला चार-पाच गिऱ्हाइकं परत का गेली तेही कळलं.

टेगननं मान वळवली. डावीकडे लांबवर बघितलं, उजवीकडे लांबवर बघितलं. तिची नजर रस्त्यावर नव्हती, रस्त्याच्या वर होती, जिथं धूळ असते तिथं. लाइलनं तिला शिकवलं होतं. मार्नीनंही कधी ते खोडून काढलं नव्हतं. तीही तसंच बघायची, सगळेच बघायचे. पाऊल पेडलवर तसंच राहिलं. मार्नीनं तोंड उघडलं. पाटी मोठी होत गेली. टेगन, थांब, एवढंच म्हणायचं होतं, आणि तिनं नुसती पुढच्या सीटची पाठ पकडली.

मग टेगननं ब्रेकवर पाय दाबला.

गाडी पुढून खाली बसली. पेडलखालून घरघर आली, चिखलात मागची बाजू एका अंगाला जायला निघाली आणि कोणीतरी खांद्याला धरून सरळ करावं तशी सरळ झाली. पाटीच्या अलीकडे ती उभी राहिली. इंजिन चालू होतं. टेगननं दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते आणि ती डावीकडून उजवीकडे सावकाश मान वळवत होती, जाणाऱ्या गाडीच्या मागे नजर जावी तशी.

मार्नीनंही बघितलं. रस्ता रिकामा होता.

"सॉरी," टेगन म्हणाली. "उशिरा दिसली मला ती. उन्हात."

"कोण?" क्लॅरीनं विचारलं. अगदी हळू.

"ती पिवळी गाडी. छोटी. आता गेली ना समोरून." तिनं उजवीकडे बोट दाखवलं. ओल्या मातीवर चाकांचा एकही माग नव्हता. टेगनला ते दिसलं असावं, कारण तिचं बोट हवेतच थांबलं.

घरात पिवळ्या गाडीबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं. टेगन तेव्हा चार वर्षांची होती. तिला शाळेत कोणी सांगितलं असणं अशक्य नव्हतं. बसमध्ये पोरं काय काय बोलतात ते मार्नी रोज ऐकत होती. मार्नीनं हा विचार घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला.

"तिनं बोट उचललं का?" क्लॅरीनं विचारलं.

टेगननं त्याच्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण उत्तर तिनं नीट दिलं. "बोट नाही. अख्खा हात वर केला. मी थांबले म्हणून असेल."

क्लॅरीनं मान डोलावली. तो बराच वेळ मान डोलावत राहिला. मग त्यानं खिशातून दुसरी किल्ली काढली आणि दोन सीटच्या मधल्या खाचेत ठेवली.

"चौदा वर्षं मी इथं येऊन थांबतो," तो म्हणाला. "एकदा तरी जाऊ दे म्हणतो तिला. मला दिसत नाही ती. मी थांबून काय होणार? नोस्केनं थांबायला हवं होतं. वाट मी अडवली नव्हती." मग मागे न वळता त्यानं मार्नीला सांगितलं, की किंमत काय द्यायची ती तिनं ठरवावी, कागद तो उद्या दुकानात आणून देईल, आणि आता त्याला घरी सोडावं. थंडी वाजत होती त्याला.

त्याला त्याच्या दारात सोडलं. व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना तो टेगनला म्हणाला, "सीट हलवू नकोस हां, पोरी. लागलं तर हलव. पण उगाच नको."

---

परत येताना मार्नी आपल्या गाडीतून पुढे निघाली आणि टेगन पांढऱ्या गाडीतून मागे. लाइलला फोन करावा असं मार्नीच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा काय सांगायचं ते सुचलं नाही. चौफुल्याशी ती पूर्ण थांबली. आरशात मागची गाडीही थांबलेली दिसली. समोर घराच्या व्हरांड्यात दिवा लागलेला होता आणि दिव्याखाली आई बसलेली होती.

मग मार्नीच्या लक्षात आलं, की घरून काय दिसत असणार. तिनं आपली गाडी धान्याच्या शेडकडे वळवून आडोशाला लावली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. चौदा वर्षं चौफुल्यावर येऊन मागे फिरणारा उजेड आज मागे फिरला नाही. तो चौफुला ओलांडून घराच्या वाटेला लागला, आणि सावकाश, चिखलातून, वर येऊ लागला.

ओमा उभी राहिली. एक्क्याऐंशी वर्षांची बाई घरातल्या सपाता घालूनच पायऱ्या उतरली आणि ओल्या अंगणात आली. तिनं एक हात पुढे धरला होता. मार्नी शेडकडून धावली, पण ती पोचण्याआधीच गाडी थांबली, दिवे मालवले आणि दार उघडलं.

"ओमा, मी आहे," टेगन म्हणाली. "टेगन."

ओमाचा हात तसाच राहिला. तिनं गाडी बघितली. पांढरा रंग, नंबर, आतली सीट. सगळं एकदम तिच्या ध्यानात येत गेलं आणि ते येताना मार्नीला दिसत होतं, भिंतीवरून ओल खाली यावी तसं. हा उजेड कोणाचा होता ते आता तिला कोणी सांगायची गरज उरली नव्हती.

लाइल आवाज ऐकून आतून आला. "सांगितलं होतं ना मी," असं म्हणत आला, पण आईचा चेहरा बघून पायरीवरच थांबला.

"मी चौफुल्याशी थांबले," टेगन म्हणाली. मार्नीनं तिचा दंड धरला, तरी ती थांबली नाही. "धूळ नव्हती. तरी थांबले. मला ती दिसली, ओमा."

कोण, असं ओमानं विचारलं नाही. शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. लाइलनं बहिणीकडे बघितलं, मग भाचीकडे. ही सगळी पोरीच्या डोक्यातली वाफ आहे असं म्हणायची त्याची वेळ होती. त्यानं ती जाऊ दिली.

"दिवे लावलेले होते तिनं?" ओमानं विचारलं.

मार्नीला वाटलं, आता लेकीनं खोटं बोलावं. नव्हते म्हणावं. काय जातं. म्हातारी आणखी पाच वर्षं उभी राहील.

"हो, ओमा," टेगन म्हणाली. "दोन्ही."

ओमानं हात खाली घेतला. ती वळली आणि एकेक पायरी धरून वर गेली. वरच्या पायरीवर ती थांबली. आता दिवा मालवेल, असं मार्नीला वाटलं. तिनं मालवला नाही.

"आडोशाला लावा ती," ती पाठमोरी म्हणाली. "दव पडेल रात्री."

लाइल गाडीभोवती एक फेरी मारून आला. टायरवर बूट मारून बघितला, वाकून खाली बघितलं. मग आपल्या पिकअपच्या खणातून नवशिक्या चालकानं लावायच्या लाल 'पी'च्या पाट्या काढून आणल्या. मंगळवारपासून त्यानं त्या तिथं तयार ठेवल्या होत्या. बाहीनं काच पुसून त्यानं एक पुढे लावली, एक मागे, आणि मागची वाकडी झाली म्हणून काढून पुन्हा लावली.

"धुळीचं मी तुला सांगितलं होतं ना," तो टेगनला म्हणाला, तिच्याकडे न बघता. "ते विसर."

---

सोमवारी पहाटे टेगन निघाली तेव्हा अजून काळोख होता. मार्नीनं डबा दिला, बेल्ट लावलाय ना ते खिडकीतून हात घालून बघितलं, आणि व्हरांड्यात येऊन उभी राहिली. ओमा आधीच तिथं होती, खांद्यावर शाल घेऊन. दोघींच्या मध्ये एक रिकामी खुर्ची होती. लाइल आत स्वयंपाकघरात उभा होता आणि उभा नसल्यासारखं दाखवत होता.

दोन लाल ठिपके अंगणातून निघाले, वाटेला लागले, लहान होत गेले. चौफुल्याशी ते एकदम ठळक झाले. ती थांबली होती.

रस्ता दोन्ही बाजूंना काळा होता. कुठंही उजेड नव्हता, आवाज नव्हता. लाल ठिपके तसेच राहिले. मार्नी मनातल्या मनात म्हणाली, गेली असेल आता, निघ. ठिपके हलले नाहीत. एक गाडी समोरून जायला लागतो तेवढा वेळ होऊन गेला. ते अजून तसेच होते. टेगन आणखी कोणाला तरी वाट देत होती.

मार्नीनं आईकडे बघितलं. ओमाची नजर चौफुल्यावर होती, डावीकडून उजवीकडे जाणारी नव्हे, तर कर्टच्या रस्त्यानं सरळ घराकडे येणारी. तिचा हात कठड्यावर होता. तो हात तिनं हलवला नाही. फक्त एक बोट उचललं.